उणे दोन कुठून आले? एका संशोधक विद्यार्थिनीचं प्रकरण

ऑक्टोबर २०२४. दिवाळीला दोन आठवडे होते. सकाळी साडेनऊला ती माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली, हातात नुकतीच प्रिंट काढलेली पानं. "मॅडम, झालं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, महिनाभर अडलेला तिचा लेमा, म्हणजे सिद्धतेतली मधली पायरी, सुटला. पानं हातात घेतली, तर लेखक तात्सुयुकी हिकिता, आणि शीर्षकात काही आडपडदा नव्हता: स्टॅन्ली-स्टेम्ब्रिज अटकळीची सिद्धता.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि तिच्या संशोधन सल्लागार समितीवर बाहेरची सदस्य आहे. तिचा विषय अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे बीजगणित आणि मोजणी यांची सांगड. जानेवारी २०२३ मध्ये तिची पीएचडी सुरू झाली आणि तेव्हापासून ती या अटकळीचा, म्हणजे खरं वाटणाऱ्या पण सिद्ध न झालेल्या विधानाचा, एक तुकडा सोडवत होती. आता अख्खी अटकळच कुणीतरी सोडवली होती. तीन महिन्यांनी जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिपची) दोन वर्षं संपणार होती. महिना ३७,००० ची फेलोशिप ४२,००० ची एसआरएफ (ज्येष्ठ फेलोशिप) व्हायला समितीपुढे बोलावं लागतं, आणि त्याआधी एक पान द्यावं लागतं: 'संशोधनातील रुची'. मी जे सांगणार आहे ते या एका पानाबद्दल आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. तिचं आणि तिच्या संस्थेचं नाव तिच्याच इच्छेवरून गाळलं आहे.

ती या विषयात कशी आली

ती फलटण तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, वडील एसटीत वाहक. बीएस्सी गावाजवळ करून एमएस्सीला पुण्यात आली. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी एका उन्हाळी व्याख्यानमालेत तिने फळ्यावर २४ हा आकडा दोन प्रकारे लिहिलेला पाहिला. तिच्या मते सगळं तिथूनच सुरू झालं.

पहिला प्रकार आपल्याकडचा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० मध्ये, शेवटी अंकपाशाचं प्रकरण येतं. हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म वेगवेगळ्या क्रमाने दिले तर किती मूर्ती होतील? चोवीस. (कॉम्बिनेटोरिक्सला अंकपाश हा शब्द मला फार आवडतो. पाश म्हणजे फास, जाळं. त्यात अडकलेल्या माणसालाच तो सुचला असणार.)

दुसरा प्रकार असा: २४ = १ + ९ + ४ + ९ + १. हे पाच वर्ग कुठले? चार चौकोन घ्यायचे आणि डावीकडे, वर सरकवून ओळींत रचायचे. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा लांब असता कामा नये. अशा रचना पाचच होतात. मग त्यांत १ ते ४ आकडे असे भरायचे की उजवीकडे जाताना आणि खाली जाताना आकडा वाढत जाईल. यांना यंग टॅब्लो म्हणतात. पाच रचनांत ते अनुक्रमे १, ३, २, ३, १ प्रकारे भरता येतात. या संख्यांचे वर्ग करून बेरीज केली की बरोबर चोवीस. हा योगायोग नाही. चार वस्तूंचा प्रत्येक क्रम एकाच आकाराच्या दोन टॅब्लोंच्या जोडीत बदलता येतो आणि जोडीवरून पुन्हा क्रम मिळतो. रॉबिन्सन यांनी १९३८ मध्ये, शेन्स्टेड यांनी १९६१ मध्ये आणि क्नुथ यांनी १९७० मध्ये ही संगती टप्प्याटप्प्याने उभी केली.

त्या शनिवारी फलटणच्या गाडीत तिने चोवीसच्या चोवीस क्रम वहीत मांडून त्यांच्या जोड्या लावल्या. ती वही मी पाहिली आहे. गाडीच्या धक्क्यांनी अक्षर वाकडंतिकडं झालंय, पण एकही जोडी चुकलेली नाही.

हा विषय पुण्याला नवा नाही. १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना करणारे श्रीराम अभ्यंकर मूळचे बीजभूमितीतले, पण पुढे ते यंग टॅब्लोंच्या मोजणीत इतके रमले की १९८८ मध्ये त्यांचं त्यावर एक अख्खं पुस्तक आलं. सारणिकांच्या एका बीजगणिती प्रश्नाला हात घातला आणि उत्तर मोजणीत सापडलं, असा तो प्रवास. अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स म्हणजे हीच ये-जा: बीजगणितातली संख्या हाती आली की ती कशाची मोजणी आहे ते शोधायचं, आणि मोजणी अडली की बीजगणिताकडे धावायचं.

पहिलं पान

पहिल्या वर्षी तिने समितीला दिलेलं पान माझ्याकडे अजून आहे. त्यावर लिहिलंय: 'बीजीय कॉम्बिनेटोरिक्स, सममित बहुपदी, क्रोमॅटिक सममित बहुपदी, यंग टॅब्लो, हेसनबर्ग व्हरायटी, निरूपण सिद्धांत.' खाली एक वाक्य: स्टॅन्ली-स्टेम्ब्रिज अटकळीच्या विशेष बाबींवर काम करण्याचा मानस आहे.

आम्ही चौघांनी त्यावर सह्या केल्या. 'यातलं तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय?' हा प्रश्न मीही विचारला नाही. चहा आला होता, पुढचा विद्यार्थी दाराबाहेर थांबला होता. सहा नामं आणि एका प्रसिद्ध अटकळीचं नाव असलेलं पान आम्हाला पुरेसं वाटलं. ही माझी चूक होती, आणि तिची किंमत दीड वर्षाने त्या मुलीला मोजावी लागली.

अटकळ काय होती

समजा एका इमारतीतली सगळी लेक्चर्स एकेक तासाची आहेत, पण ती केव्हाही सुरू होऊ शकतात. प्रत्येक लेक्चरचा एक बिंदू काढायचा आणि ज्या दोघांच्या वेळा एकमेकांवर चढतात त्यांचे बिंदू रेघेने जोडायचे. आता खोल्या वाटायच्या. जोडलेल्या दोघांना एक खोली चालणार नाही. खोलीला रंग म्हटलं की झाला ग्राफ रंगवण्याचा प्रश्न. किती प्रकारे रंगवता येईल हे सांगणारी बहुपदी बर्कहॉफ यांनी १९१२ मध्ये, नकाशा चार रंगांत रंगवण्याच्या प्रश्नामागे लागलेले असताना मांडली. १९९५ मध्ये रिचर्ड स्टॅन्ली यांनी तिच्यात बारकाई आणली: नुसतं किती प्रकारे एवढंच नाही, तर कोणत्या खोलीत किती लेक्चर्स गेली याचीही नोंद ठेवायची. पहिल्या खोलीतल्या प्रत्येक लेक्चरमागे एक क, दुसरीतल्यामागे ख, तिसरीतल्यामागे ग, आणि या सगळ्यांचा गुणाकार. अशा सर्व वाटपांची बेरीज म्हणजे क्रोमॅटिक सममित बहुपदी. सममित अशासाठी, की खोल्यांच्या पाट्या आपसात बदलल्या तरी हिशेब तोच राहतो.

कोणतीही सममित बहुपदी मोजक्या विटांतून रचता येते: एकेकट्यांची बेरीज, दोघांच्या गुणाकारांची बेरीज, तिघांच्या गुणाकारांची बेरीज, असं पुढे. स्टॅन्ली आणि जॉन स्टेम्ब्रिज यांची १९९३ मधली अटकळ अशी, की एकेका तासाच्या वेळापत्रकातून आलेली बहुपदी या विटांत लिहिली तर एकही सहगुणक ऋण येणार नाही. त्यांचं मूळ विधान याहून मोठ्या कुळाबद्दल होतं. पण एवढ्या वेळापत्रकांसाठी सिद्ध झालं की सगळं सिद्ध होतं, हे मॅथ्यू गे-पाकेट यांनी २०१३ मध्ये दाखवलं.

तिच्या गाईड सरांनी तिला या वेळापत्रकांचं एक छोटं कूळ दिलं होतं. तिथले सहगुणक धन आहेत हे दाखवायचं, आणि तेही ते कशाची तरी संख्या आहेत असं दाखवून. ही वेळापत्रकं डिक पथांनी, म्हणजे चौकटींच्या जाळीवर कर्ण न ओलांडता जाणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाटांनी, मोजता येतात. चार लेक्चर्सना १४ पथ, आठ लेक्चर्सना १४३०. सेजमॅथ या गणिती सॉफ्टवेअरवर तिने हे १४३० च्या १४३० चालवून पाहिले होते. तिच्या कुळासाठी मोजणीचा नियम जवळजवळ हाती आला होता, एक लेमा तेवढा अडला होता. आणि अशात ही पानं आली.

ते तीन आठवडे

तीन आठवडे ती संस्थेत आलीच नाही. वडिलांचा फोन आला. "मॅडम, म्हणजे पोरीचं काम दुसऱ्यानं करून टाकलं. आमच्याकडं एक गाडी चुकली तर मागची मिळते. हिच्यात मागची गाडी असते का?" असते, असं मी म्हणाले. पण ती कोणती, हे तेव्हा मलाही दिसत नव्हतं.

समितीत दोन मतं पडली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, आत्ताच विषय बदलावा, कोडिंग थिअरीकडे जावं, पुढे नोकरीचं बघता येईल. सल्ला कळकळीचा होता. घरी एकट्या वडिलांचा पगार असलेल्या मुलीबद्दल असा विचार करणं गैर नाही. गाईड सरांना वाटत होतं की शरेशियन आणि वॉक्स या दोन गणितज्ञांनी या बहुपदीला जोडलेलं जास्तीचं चल घेऊन पुढे जावं, कारण तिथून हेसनबर्ग व्हरायटींच्या, म्हणजे समीकरणांनी ठरणाऱ्या एका प्रकारच्या आकारांच्या, भूमितीची वाट निघते. मला त्या वाटेची भीती वाटत होती. एवढी मोठी सिद्धता आल्यावर जगभरची तयारीची माणसं पहिल्यांदा तिथेच पोचणार.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा मी या दोन्हींतलं काहीच बोलले नाही. हिकितांचा लेख दोघींनी मिळून वाचला. त्यात यंग टॅब्लो एकेक चौकोनाने वाढत जातो, पुढचा चौकोन कुठे बसेल याच्या संभाव्यता ठरलेल्या आहेत, आणि सहगुणक या संभाव्यतांतून लिहिलेला आहे. संभाव्यता ऋण नसते, म्हणून सहगुणकही ऋण नाही. युक्तिवाद इतका सरळ, की वाचता वाचता ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच. मग म्हणाली, "पण मॅडम, संभाव्यता म्हणजे अपूर्णांक. शेवटी पूर्णांक येतो हे खरं, पण तो कशाची मोजणी आहे ते यात दिसत नाही."

दीड वर्षापूर्वीच्या पानावर हेच वाक्य असायला हवं होतं.

फळ्यावरची दुपार

मी तिला म्हटलं, अटकळ बाजूला ठेव. ऋण सहगुणक जिथे पहिल्यांदा दिसतो तिथे जाऊ आणि तो का येतो ते बघू.

तासाच्या वेळापत्रकात कधीच न येणारी एक आकृती आहे. मधला एक बिंदू तिघांना जोडलेला, आणि ते तिघे आपसात सुटे. आम्ही तिला पंजा म्हणतो. एका तासाचं लेक्चर एकमेकांत न अडकणाऱ्या तीन तासिकांवर चढू शकत नाही. पण नऊ ते बाराचं प्रॅक्टिकल ठेवलं आणि त्याच वेळात लागोपाठ तीन लेक्चर्स ठेवली, की झाला पंजा.

तिने फक्त दोन खोल्या घेतल्या. प्रॅक्टिकल एकीत, तिन्ही लेक्चर्स दुसरीत. दुसरा मार्गच नाही. म्हणजे वाटपं दोन, आणि बेरीज: क गुणिले ख घन, अधिक क घन गुणिले ख. कख बाहेर काढलं की कंसात राहतं क वर्ग अधिक ख वर्ग. इथे खडू थांबला. विटा दोनच आहेत, क अधिक ख आणि कख. क वर्ग अधिक ख वर्ग त्यांत कसं लिहायचं? शाळेतल्या विस्तारसूत्राने: क अधिक ख चा वर्ग, उणे दोन कख.

"हेच ते उणे दोन," ती म्हणाली.

पंजाचे सहगुणक तिला पाठ होते. २-१-१ प्रकारच्या विटांचा (दोघांची एक वीट आणि एकेकट्यांच्या दोन, यांच्या गुणाकाराचा) १, २-२ चा उणे २, ३-१ चा ५, ४ चा ४. संगणकाने ते शंभरदा दाखवले होते. पण त्यातलं उणे दोन शाळेच्या सूत्रातून येतं, हे तिने त्या दुपारी पहिल्यांदा हाताने काढलं. अर्थही लगेच लागला. चार लेक्चर्स दोन खोल्यांत दोन-दोन अशी बसूच शकत नाहीत. २-१-१ च्या विटा मात्र तसल्या दोन वाटपांची खोटी नोंद करून ठेवतात. ती खोडायला उणे दोन लागतात.

मग मी पंजाच्या एका बोटाच्या टोकाला आणखी एक बिंदू जोडायला सांगितला. शेवटचं लेक्चर सव्वाअकरा ते सव्वाबारा करायचं आणि बारा ते एक असं पाचवं घालायचं. या पाच बिंदूंच्या झाडाच्या पोटात पंजा तसाच्या तसा आहे. तिने पाऊण तास हाताने आकडेमोड केली, मी मध्ये बोलले नाही. उत्तर आलं: २-२-१ चा १, ३-१-१ चा २, ३-२ चा १, ४-१ चे ७, ५ चे ५. सगळे धन. एक बिंदू जोडला आणि ऋण गेलं.

"आणि तिन्ही बोटं लांब केली तर?" तिने स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. सात बिंदू झाले की पुन्हा ऋण येणारच. धन व्हायचं तर जोडलेल्या ग्राफचे हव्या त्या मापांचे जोडलेले तुकडे पाडता आले पाहिजेत, असा एक जुना निकष आहे. पंजाचे २ आणि २ असे तुकडे होत नाहीत. या सात बिंदूंचे ३ आणि ४ असे होत नाहीत, कारण एक रेघ तोडून मिळतात १ आणि ६ किंवा २ आणि ५. म्हणजे आखूड बोटं असली की ऋण, एक वाढवलं की धन, तिन्ही वाढवली की पुन्हा ऋण. ज्या झाडात एखाद्या बिंदूला चार किंवा जास्त फांद्या फुटतात ते झाड कधी धन नसतं, अशीही एक अटकळ आहे. तीन फांद्यांच्या झाडांना असा काही एक नियम दिसत नाही.

दुसरं पान

डिसेंबरात तिने नवं पान आणलं. त्यात नामांची यादी नव्हती. सुरुवात पंजाने होती, मग पाच बिंदूंचं झाड, मग दोन प्रश्न: तीन फांद्यांच्या कोणत्या झाडांत ऋण सहगुणक येतो आणि तो कोणत्या अडथळ्याची खूण असतो, आणि जिथे सगळे धन असतात तिथे प्रत्येक सहगुणक नेमकी कशाची मोजणी करतो. तिच्या जुन्या कुळाचं काम टाकून दिलेलं नव्हतं. 'धनता आता हिकितांच्या प्रमेयातून मिळते, माझं काम ती संख्या कशाची आहे ते सांगतं' अशा शब्दांत ते पहिलं प्रकरण म्हणून ठेवलं होतं. हेसनबर्ग व्हरायटी हा शब्द तिने काढून टाकला. गाईड सरांना वाईट वाटलं. तिने त्यांना सांगितलं, "सर, मला अजून त्या येत नाहीत. येतील तेव्हा लिहीन."

जानेवारीतल्या प्रेझेंटेशनला तिने वीस मिनिटांतली बारा मिनिटं उणे दोनवर घालवली. विषय बदल म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनीच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, आणि शेवटी ती झाडं वहीत उतरवून घेतली. एसआरएफ मंजूर झाली. वडिलांना तिने ते स्वारगेटवरूनच फोनने कळवलं.

मागच्या आठवड्यात ती पुन्हा फळ्यापाशी होती. स्टॅन्ली यांच्या १९९५ च्या लेखात एक प्रमेय आहे: ग्राफच्या प्रत्येक रेघेला बाण द्यायचा, पण बाणांचं चक्र होऊ द्यायचं नाही, ज्या बिंदूतून एकही बाण बाहेर जात नाही तो सिंक, मग दोन सिंक असलेल्या मांडण्या जितक्या, तितकीच दोन तुकड्यांच्या प्रकारांच्या सहगुणकांची बेरीज. पाच बिंदूंच्या त्या झाडात अशा आठ मांडण्या आहेत. सहगुणक आहेत ३-२ चा १ आणि ४-१ चे ७. बेरीज जुळते, पण आठांतली ती एक कोणती, हे प्रमेय सांगत नाही.

तिने आठही काढल्या होत्या. त्यातल्या एकीत मधला बिंदू सिंक होता, त्याची दोन आखूड बोटं त्याच्याकडे वाहत होती, आणि लांब बोटाचं टोक दुसरा सिंक होतं, त्याच्याकडे शेजारचा बिंदू वाहत होता. एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. तिने त्या मांडणीभोवती खडूने गोल केला.

"हीच असेल का ग?" मी विचारलं.

"वाटतंय तरी," ती म्हणाली. "सहा बिंदूंवर बघते आणि मग सांगते, मॅडम."